हरायला बसलेला प्रतिवादी

दिल्लीपासून मुंबईपर्यंत जेवढे म्हणून न्यायमूर्ती आहेत, ते रोज सकाळी झगे चढवून कोर्टात जाऊन बसतात ते केवळ माझ्या मावसबहिणीच्या सासऱ्यांना दुसऱ्या दिवशी वाचायला काहीतरी मिळावं म्हणून, अशी माझी पक्की समजूत आहे. त्यांची स्वतःची समजूत याहून फार वेगळी नसावी. देशात कुठंही दिवाणी निकाल लागो, भाडेकरूचा असो, मृत्युपत्राचा असो, दोन घरांमधल्या सामाईक भिंतीचा असो, तो बेलापुरात त्यांच्या ओट्यावर येऊन एकदा मोठ्यानं वाचला गेल्याशिवाय पुरा होत नाही. मी त्यांना मामा म्हणतो, कारण बहिणीच्या सासऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. ते मला मास्तर म्हणतात, कारण मी नगरला एका शाळेत भूगोल शिकवतो आणि त्यांच्या मते भूगोल हा जमीनमोजणीचा कच्चा प्रकार आहे.

मामा वकील नाहीत. मॅट्रिकनंतर ते कुठल्याही वर्गात बसलेले नाहीत. श्रीरामपूरला दस्तनोंदणीच्या कचेरीबाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली टेबल टाकून त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे दस्त लिहिले. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, भाडेपट्टा. अर्ध्या तालुक्याची जमीन त्यांच्या सुबक अक्षरातून एका घरातून दुसऱ्या घरात गेली. पुढे कचेरीत कॉम्प्युटर आले, छापील नमुने आले, आणि मामांनी टेबल उचललं, पेन कोमट पाण्यानं धुऊन डबीत ठेवलं आणि घरी येऊन बसले. तिथं त्यांच्या मुलानं त्यांना एक मोबाईल घेऊन दिला. हेतू एवढाच, की म्हाताऱ्यानं भजनं ऐकावीत. मामांनी दोन दिवस भजनं ऐकली. तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं की या डबड्यात सुप्रीम कोर्टाचे निकाल येतात. त्या दिवसापासून घरात भजन झालेलं नाही.

सकाळी सहाला माझा फोन वाजतो. "मास्तर, जागे हायेत का?" हा प्रश्न ते उत्तरासाठी विचारत नाहीत. "काल लई मोठा निकाल आला. ऐका." मग मी उशीवर डोकं ठेवून अर्धवट झोपेत ऐकत राहतो. कुणाची तरी भिंत, कुणाची तरी वहिवाट, कुठल्या तरी दूरच्या गावातल्या दोन चुलतभावांमधली विहीर. मामांचा आवाज संथ, दस्त वाचून दाखवताना असावा तसा, आणि तो ऐकता ऐकता मला पुन्हा गुंगी येते. स्वप्नात मला ते दोघे चुलतभाऊ दिसतात, विहिरीच्या दोन बाजूंना उभे, आणि पाण्यात दोघांची पडछाया एकच. मी घोरायला लागलो की मामा फोन ठेवतात आणि तोच निकाल लेखी पाठवतात. त्याला उत्तर दिलं नाही तर दुपारी पुन्हा फोन. "निळ्या खुणा आल्यात, मास्तर. आता मोबाईलवरची बजावणीबी चालती. तुमाला समन्स पोचलेलं हाय." त्यांच्यापुढे वाचून न वाचल्यासारखं करणं कुणालाही शक्य नाही.

कोर्टाचं कामकाज मोबाईलवर थेट दिसायला लागलं तेव्हा मामांना जो आनंद झाला तो त्यांना स्वतःच्या नातवाच्या बारशालाही झाला नव्हता, असं माझी बहीण म्हणते. सुनावणीच्या दिवशी ते साडेनऊलाच आंघोळ उरकून, धुतलेली टोपी घालून खाटेवर बसतात. मोबाईल समोर स्टुलावर तांब्याला टेकवलेला. न्यायमूर्ती आत आले की मामा उठून उभे राहतात. न्यायमूर्ती बसले की मामा बसतात. तेवढ्या वेळात घरात मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. बहुतेक वेळा सगळं इंग्रजीत चालतं आणि मामांना त्यातलं चार आण्यांएवढंही कळत नाही. पण ते मान डोलावत ऐकतात, आणि मध्येच एखादा वकील फार हातवारे करायला लागला की पुटपुटतात, "ह्याच्यापाशी कागद न्हाई."

घरातल्या प्रत्येक गोष्टीला ते ताज्या निकालाच्या उजेडात बघतात. शेजारचं मांजर त्यांच्या आरामखुर्चीत झोपतं. मामा एरवी त्याला हुसकावत नाहीत, पण दिवाळीच्या आधी एकदा, चार माणसांदेखत, त्याला उचलून खाली ठेवतात. बारा वर्षं सलग, बिनतक्रार, उघडउघड बसलं तर कब्जा पक्का होतो, हे त्यांच्या मनातून जात नाही. माझ्या बहिणीचा साखरपुडा झाला त्या दिवशी त्यांनी व्याह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आज फक्त साठेखत झालं असं समजा. खरेदीखत लग्नाच्या दिवशी." अपघाताच्या दाव्यात घरात राबणाऱ्या बाईच्या कामाचंही मोल धरलं पाहिजे, असं कोर्टानं म्हटल्याचं वाचून ते धावत स्वयंपाकघरात गेले आणि मामींना ते सगळं वाचून दाखवलं. मामी भाकरी थापत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कोरटाला कळलं, तुमाला कदी कळायचं?" मामा त्या दिवशी पाणी स्वतःच्या हातानं घेऊन प्यायले. म्हाताऱ्या आईबापांना सांभाळलं नाही तर त्यांनी लिहून दिलेलं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, हा निकाल मात्र ते आमटीत मीठ कमी पडलं की काढतात. माझी बहीण शांतपणे विचारते, "मामा, तुम्ही आम्हाला काही लिहून दिलंयच कुठं?" मामा मग मिठाची बरणी पुढं ओढतात.

पण मामांचं खरं वैभव म्हणजे चतुःसीमा. दस्तात जमिनीचं वर्णन करताना तिच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं. पूर्वेस कुणाचं शेत, पश्चिमेस कुठला रस्ता, दक्षिणेस काय, उत्तरेस काय. चाळीस वर्षांत आपली एकही चतुःसीमा चुकली नाही, हा मामांचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. मोजणीवाले सुद्धा अडले की त्यांच्या टेबलाशी यायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बेलापूरला गेलो की दुपारी आम्ही दोघे ओट्यावर आडवे होतो. कालव्याच्या बाजूनं गार वारा येतो, ऊस सळसळतो, आणि मामा डोळे मिटून जुन्या जमिनी म्हणू लागतात. "पूर्वेस पाटाचं पानी. पश्चिमेस गाडीवाट. दक्षिणेस चिंचंचं झाड आन् त्याच्याखालची समाईक विहीर. उत्तरेस म्हसोबा." यातल्या किती चिंचा आता उभ्या आहेत, किती गाडीवाटांवर डांबर पडलंय, किती शेतांवर प्लॉट पाडलेत, कोण जाणे. मामांच्या मिटल्या डोळ्यांपुढे मात्र सगळा तालुका जिथल्या तिथं असतो. मी त्या शेतांतून चालत चालत झोपेत शिरतो. एवढी गाढ झोप मला नगरला कधी लागत नाही.

हा माणूस एवढे निकाल कशासाठी वाचतो, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. मला वाटायचं, हौस आहे. मग माझ्या लक्षात आलं की मुलींच्या हक्काचा निकाल असला की मामांचा फोन सहाऐवजी साडेपाचला येतो. मुलीला जन्मापासूनच मुलाइतका वाटा, हे मोठ्या कोर्टानं सांगितलं तेव्हा तर ते रडतच होते. मी विचारलं, "मामा, काय झालं?" ते म्हणाले, "निकाल चांगला हाय, मास्तर. पर आमच्या अक्काला लागू व्हत न्हाई."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. पाथर्डीच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला दिलेली. तिथं उन्हाळ्यात टँकर येतो. वडील गेले तेव्हा बेलापूरची कालव्याखालची जमीन मामांच्या एकट्याच्या नावावर व्हावी म्हणून अक्काचं हक्कसोडपत्र करायचं ठरलं. त्या काळी ठरवावंही लागत नसे. बहिणी यायच्या, सही करायच्या, साडीचोळी घ्यायच्या आणि जायच्या. सही केली नाही तर माहेर तुटेल ही भीती, आणि केली की माहेर राहील ही आशा. दस्त लिहिला मामांनीच. लिंबाखालच्या त्याच टेबलावर, समोर अक्का बसलेली. त्यात एक ठरावीक वाक्य असतं, की मी हे राजीखुशीनं, कुणाच्याही दाबदडपणाशिवाय लिहून देत आहे. "ते वाक्य मी हजारदा लिवलं आसंल," मामा मला म्हणाले. "एकदाच खोटं लिवलं. तिला कुनी इचारलंच न्हवतं." अक्कानं सही केली, साडी नेसली आणि दुपारच्या एसटीनं गेली. त्यानंतर ती दर भाऊबीजेला येते, ओवाळते, जेवते आणि उजेडी परत निघते. तीस वर्षांत ती माहेरी एकदाही मुक्कामाला राहिलेली नाही. आग्रह केला तर हसून म्हणते, "पाव्हन्यानं येळंवर निघावं."

मामांनी त्यावर काय काय उपाय करून पाहिले! जमिनीचा अर्धा भाग बक्षीसपत्रानं देतो म्हणाले. अक्का म्हणाली, "तुझ्या उपकाराचं मला नगं. माझं आसंल तर मला सांग." मग त्यांनी ठरवलं की अक्कानं आपल्यावर दावा लावावा. कोर्ट सांगेल, जमीन तिची आहे, आपण मान खाली घालून कबूल करू, म्हणजे तिला ती हक्कानं मिळेल. त्यांनी स्वतःच्या विरुद्धचा दावा स्वतःच लिहून काढला. सोळा पानं. त्यात प्रतिवादी हा लबाड, आपमतलबी आणि बहिणीच्या भोळेपणाचा फायदा घेणारा इसम आहे, असं तीनदा लिहिलं होतं आणि तिन्ही वेळा अक्षर फार सुंदर आलं होतं. तो दावा घेऊन ते एसटीनं पाथर्डीकडे गेले. अक्कानं पहिलं पान वाचलं, "सख्ख्या भावाला मी आसलं बोलू व्हय?" म्हणाली आणि पुढं त्या कागदांनी तिनं लोणच्याच्या बरण्यांची तोंडं बांधली.

शेवटी मी मामांना नगरला माझ्या ओळखीच्या एका वकिलांकडे घेऊन गेलो. वकीलसाहेब मोठे शांत गृहस्थ. त्यांनी विचारलं, "आपण वादी की प्रतिवादी?"

"प्रतिवादी," मामा म्हणाले.

"दावा कधी दाखल झाला?"

"अजून न्हाई झाला. वादी तयार व्हत न्हाई."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "मग आपल्याला नेमकं काय हवंय?"

"हरायचंय," मामा म्हणाले.

वकिलांनी चष्मा काढून पुसला. मग अगदी सौम्यपणे सांगितलं की नोंदवलेलं हक्कसोडपत्र असं सहजी मागं फिरत नाही, कायदा बदलला तरी सोडलेलं परत येत नाही, आणि फसवणूक म्हणायची तर त्याची मुदत कधीच टळून गेली. मामांना हे सगळं पाठ होतं. ते फक्त मान हलवत राहिले. उठताना वकीलसाहेब म्हणाले, "तो दस्त तरी आणा एकदा. बघू." आणि मामांचा चेहरा पडला. मी त्यांना बेलापूरला सोडायला निघालो. राहुरीच्या अलीकडे त्यांनी मला सांगितलं की तो दस्त त्यांच्या ट्रंकेत तळाशी आहे आणि नोंदणी झाल्यापासून त्यांनी तो उघडलेला नाही. साऱ्या देशाचे निकाल वाचून काढणाऱ्या या माणसाला आपल्याच हातचे चार कागद वाचायचं धाडस झालं नव्हतं.

त्यानंतर दोन महिने दस्ताचा विषय निघाला नाही. सकाळचे फोन चालू होते. मग वैशाखात एके दिवशी पाचलाच फोन वाजला. मला वाटलं, कुणीतरी गेलं.

"मास्तर, मी चुकलो."

"काय चुकलात?"

"चतुःसीमा."

आदल्या संध्याकाळी त्यांनी ट्रंक उघडली होती. दस्तात लिहिलं होतं, दक्षिणेस ओढा. पण त्यांची जमीन ओढ्यापाशी संपत नाही. ओढा ओलांडल्यावर पलीकडे आठ गुंठ्यांची एक पट्टी आहे, तीही त्यांच्याच वडिलांची, त्याच गटातली. दस्तात लिहिलेल्या चार सीमांच्या आत ती येत नव्हती. म्हणजे अक्कानं जे सोडलं होतं त्यात ती पट्टी नव्हतीच. त्या आठ गुंठ्यांतला तिचा वाटा तिनं कधी सोडलेलाच नव्हता. "अशी चूक तुमच्याकडून कशी झाली?" मी विचारलं. मामा म्हणाले, "अक्का समोर बसली हुती ना. वर बघायचं धाडस न्हवतं. कवा एकदा संपतंय आसं झाल्तं. ओढा आला आन् मी थांबलो." मग त्यांना हसू आवरेना. चाळीस वर्षांत एक चूक, आणि ती नेमकी इथं. त्या दिवशी ते श्रीरामपूरला जाऊन लिंबाखालच्या उरल्यासुरल्या दस्तलेखकांना पेढे वाटून आले. कशाचे पेढे म्हणून लोकांनी विचारलं तर सांगत होते, "मी चुकलो, म्हनून."

मी वकीलसाहेबांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "तसा युक्तिवाद होऊ शकतो." मामांना तेवढं पुरलं. पुढच्याच रविवारी आम्ही माझ्या जुन्या गाडीतून अक्काच्या गावाला गेलो. मामांनी दस्त मांडीवर धरला होता आणि खड्डा आला की ते गाडीपेक्षा दस्ताला जपत होते. अक्का अंगणात शेंगा निवडत बसली होती. ऐंशीची बाई, पण सुईत दोरा स्वतः ओवते. मामांनी तिला दस्त वाचून दाखवला, मातीत काडीनं ओढा काढला, ओढ्याच्या पलीकडे पट्टी काढली. अक्का बघत होती.

"म्हंजी ह्ये तू मला देतूस आसं न्हाई?"

"न्हाई."

"मी सोडलंच न्हवतं?"

"न्हाई, अक्का. सगळं माझ्या नावावर झालं, पर हे तू कदी सोडलंच न्हाईस."

अक्कानं हातातल्या शेंगा सुपात टाकल्या. मग उठून आत गेली आणि पिशवी भरून बाहेर आली. सुनेला म्हणाली, "मी आठ दिस माह्यारी चालले."

ती पट्टी मी नंतर पाहिली. तिथं काहीही पिकत नाही. बाभळी आहेत, घाणेरी आहे, ओढ्यानं आणून टाकलेले धोंडे आहेत. अक्का रोज सकाळी मामांच्या आधी तिथं जायची आणि एका धोंड्यावर बसून राहायची. ओढ्याला त्या दिवसांत थोडं पाणी होतं, पलीकडे ऊस हिरवागार, आणि ऐंशी वर्षांची ती बाई हातातल्या काठीनं पाण्यात रेघा ओढत बसलेली असायची. मामा अलीकडच्या काठावर उभे. बोलावल्याशिवाय ते ओढा ओलांडत नसत. एकदा त्यांनी तिच्या बाभळीची फांदी आपल्या बाजूला आलेली पाहून छाटली, तेव्हा अक्कानं त्यांना असं काही सुनावलं की मामी घरातून धावत आल्या. मामांनी ते भांडण मला फोनवर सगळं सांगितलं, एकही शिवी न गाळता. मला वाटतं, तेवढे सुखाचे दिवस त्यांच्या आयुष्यात फार थोडे आले असतील. आणि त्या दिवसांत मला सकाळी निकाल येईनात. मी सहाला आपोआप जागा व्हायचो आणि फोनकडे बघत पडून राहायचो.

सहाव्या दिवशी कंटाळून मी स्वतःच मोबाईलवर शोधलं. कुठल्याशा हायकोर्टाचा नवा निकाल होता. त्याचा मथितार्थ असा, की दस्तात गट नंबर आणि क्षेत्र बरोबर असेल आणि हेतू स्पष्ट असेल तर चतुःसीमेतल्या लहानशा चुकीनं काही बिघडत नाही. मामांच्या दस्तात गट नंबरही बरोबर होता आणि क्षेत्रही. म्हणजे त्यांनी ज्या चुकीचे पेढे वाटले, तिला फारशी किंमत नव्हती. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. मी गाडी काढली आणि बेलापूर गाठलं. वाटेत मी ठरवत होतो की हे त्यांना कसं सांगायचं, की सांगायचंच नाही.

मामा मला दारातच भेटले. माझं तोंड बघूनच त्यांनी ओळखलं आणि हाताला धरून गोठ्यामागं नेलं. "मी पाच वाजताच वाचला," ते हळू आवाजात म्हणाले.

"मग?"

"निकाल चुकीचा हाय, मास्तर."

हा माणूस सुप्रीम कोर्टाला मोबाईलमध्ये बघून उभा राहतो. त्याच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मामा माझी नजर चुकवत होते. त्यांनी मोबाईल तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला होता, म्हणजे अक्काच्या नजरेला पडू नये. "तिला दोन दिस ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आठ दिस म्हनून आलीय. तेवढे व्हऊ द्या. मंग मी सांगतो. मीच सांगतो." त्यांचे डोळे भरले होते. एवढ्या वर्षांत मला त्यांचं हसू यायचं, कौतुक वाटायचं, कधी कधी वैतागही यायचा. त्या गोठ्यामागं मला त्यांच्याविषयी माया वाटली.

ओट्यावर अक्का मेथी निवडत बसली होती. आम्ही येऊन बसलो. मामांनी उगाच पावसाचा विषय काढला, मग उसाचा, मग परत पावसाचा. अक्का खाली मान घालून पानं खुडत होती. मग त्याच आवाजात, पानावरून नजर न हलवता ती म्हणाली, "तुझ्या सुनंनं सकाळीच वाचून दावलं मला. म्याच इचारलं हुतं, तांदळात फोन कशापायी ठिवलाय म्हनून."

मामांनी मेथीची एक जुडी पुढं ओढली आणि खुडायला लागले. "अक्का, त्यो निकाल आपल्याला लागू व्हत न्हाई."

"व्हतोय. मला कळतंय." अक्कानं एक काडी बाजूला टाकली. "तू एवढी वर्सं वाचत बसलास, त्यात माझ्याबाजूनं कायबी न्हाई घावलं?"

"न्हाई."

"एकबी न्हाई?"

"न्हाई, अक्का."

कालव्याच्या बाजूनं वारा येत होता आणि तिच्या सुपातली मेथीची पानं हलत होती. "पर तू वाचत हुतास," ती म्हणाली. "मला ठावं न्हवतं. मला वाटलं, जिमीन घेतली आन् इसरलास." मग तिनं मामांच्या हातातली जुडी ओढून घेतली, कारण ते पानांऐवजी काड्याच सुपात टाकत होते, आणि आत मामींना हाक मारून विचारलं की दिवाळीला आता किती दिवस राहिले. मामींनी सांगितलं, पाच महिने. "बरं," अक्का म्हणाली. ती उठली, खुंटीवरची आपली पिशवी काढली, आणि तिच्यातली दोन लुगडी, भाऊबीजेला मुक्कामी आल्यावर लागतील म्हणून, घडी न मोडता मामींच्या कपाटात नेऊन ठेवली.